चाचा आणि बागेतला शायब

चाचा घराबाहेर पडताना आधी वारा बघायचे. दार उघडलं, की उंबऱ्यावर उभे राहून बोट जिभेला लावायचे, ते हवेत धरायचे आणि मग कुठल्या गल्लीने जायचं ते ठरवायचे. जायचं असायचं बहरीनच्या नईम मोहल्ल्यातल्या कोपऱ्यावरच्या बेकरीत, खुब्ज म्हणजे तिकडची रोटी आणायला. वारा पाठीमागून असला, तर समोरची सरळ गल्ली सोडून मशिदीला वळसा घालायचे. माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं, "चाचा, तुमचा वास आला तर खुब्ज काय पळून जाणार आहे?"

"खुब्ज नाय रे पळत," चाचा म्हणाले. "पण सवय एकदा सुटली, की सुटली."

आम्ही वरच्या मजल्यावर राहत होतो, चाचा खालच्या खोलीत. मी वसईची, ते रायगडातले, म्हसळ्याकडच्या एका गावचे. एकाच कंपनीत होतो. मी ऑफिसात सेक्रेटरी, ते ट्रान्सपोर्टचे इन्चार्ज. सगळे ट्रक, पिकअप आणि त्यांचे ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली. ऑफिसात मला ते मॅडम म्हणायचे आणि जिन्यापाशी भेटलो की बाय. ऑफिस आणि घर यांच्यामध्ये रस्ता एवढाच, पण त्यांनी ही अदलाबदल कधी चुकवली नाही.

गावाकडे चाचा शिकारी होते. पोटासाठी नव्हे, घरी भातशेती होती, आंब्याची कलमं होती. पण आजोबांपासून घरात बंदूक, आणि पावसाळा सरला की रान. मग सरकारने शिकारीवर बंदी आणली. बंदूक माळ्यावर गेली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत चाचांनी बहरीनचा व्हिसा घेतला. गल्फला कोणी घर बांधायला आलेलं असतं, कोणी बहिणीच्या लग्नासाठी. चाचांना विचारलं, तर ते म्हणायचे, "घरात बसून डोंगराकडे बघवेना, म्हणून आलो. इथं डोंगरच नाय."

डोंगर नव्हता, रान नव्हतं, तरी चाचांचं सगळं वागणं रानातलंच. वर्षातून एखाददुसरा पाऊस पडणाऱ्या त्या गावात बाराही महिने त्यांच्याजवळ छत्री असायची, आणि ती हातावर अशी आडवी टाकलेली, जशी रिकामी बंदूक मधून मोडून टाकतात. अत्तर त्यांनी आयुष्यात लावलं नाही. मालकांच्या मजलिशीत उदाची धुरी फिरायची, प्रत्येकजण ती दाढीखाली, कपड्यांत घ्यायचा. चाचांपर्यंत आली, की ते छातीवर हात ठेवून नम्रपणे मागे सरकायचे. "जनावराला कळतं," म्हणायचे. मजलिशीत जनावर कुठलं, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

माणसांनाही ते जनावरांचीच नावं देत. अकाउंट्समधले एकजण कशानेही दचकून ओरडायचे, ते भेकर. मला त्यांनी पिसोरी ठरवलं होतं. पिसोरी म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. चाचांनी हाताने जमिनीपासून वीतभर उंची दाखवली. "सशाएवढं हरीण असतं. पाल्यात बसलेलं कोणाला दिसत नाय, पण ते सगळं बघत असतं." हे कौतुक की चेष्टा, याचा मी बरेच दिवस विचार केला.

कंपनीचे मालक बहरीनचेच, जुन्या व्यापारी घराण्यातले. ड्रायव्हरपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना अरबाब म्हणत. लहानपणी ते वडिलांबरोबर मुंबईला राहिलेले, त्यामुळे हिंदी सफाईने बोलत. शहराबाहेर, खजुरीच्या बागांच्या पट्ट्यात, त्यांची एक मोठी बाग होती. तिच्या मागच्या अंगाला पुरुषभर उंचीची भिंत घालून एक आवार केलेलं होतं आणि त्या आवारात हरणं. वाळूच्याच रंगाची, बारीक पायांची, रीम जातीची. कोणीतरी पूर्वी एक जोडी भेट दिली होती, तिचा हळूहळू कळप झाला.

त्या कळपात एक नर होता. रुंद मानेचा, वळ्या-वळ्यांच्या लांब शिंगांचा. शिंगं मागे जाऊन पुन्हा टोकाशी आत वळलेली, सुरईच्या आकारासारखी. माळी त्याला शायब म्हणत. अरबीत शायब म्हणजे म्हातारा. पाडस असताना त्याची आई मेली, तेव्हा अरबाबांच्या आईने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. ती बाई आता हयात नव्हती. अरबाब बागेत आले, की शायब भिंतीपासून चालत यायचा आणि त्यांच्या हातातला खजूर खायचा. बाकी कोणाच्या हातून तो काही घेत नसे.

चाचांना या बागेचा पत्ता लागला तो एका पिकअपमुळे. हिरव्या चाऱ्याच्या पेंढ्या घेऊन जाणारी गाडी वाटेत बंद पडली, म्हणून ते स्वतः दुसरी गाडी घेऊन गेले आणि संध्याकाळपर्यंत परतलेच नाहीत. त्यानंतर दर शुक्रवारी नमाज झाली की चाचा बागेत. आवाराच्या दारापाशी पालथ्या क्रेटवर बसून राहायचे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पाहिलं, की त्यांच्या बायकोला ते दाखवावंसं वाटलं.

पण कळप वाढत होता आणि भिंत तेवढीच. नर फार झाले होते. दिवसभर टकरी, माद्यांना उसंत नाही, पाडसं पायाखाली येत. अरबाबांनी चाचांना बोलावून विचारलं, "तुम शिकारी है. क्या करना?"

"नर कमी करना पडेगा," चाचा म्हणाले.

"कौनसा?"

इथून सगळं सुरू झालं.

आमच्या कंपनीत वर्कशॉपचे प्रमुख म्हणून एक गोरे इंजिनिअर होते. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. ते स्कॉटलंडचे. त्यांचे वडील तिथल्या एका जमीनदाराच्या डोंगरावर हरणांची राखण करायचे. म्हणजे कळपावर वर्षभर नजर ठेवायची, कुठले नर यंदा काढायचे ते ठरवायचं आणि शिकारीला आलेल्या पाहुण्यांना नेमक्या त्याच नरापर्यंत न्यायचं. साहेबांनी लहानपण त्याच डोंगरावर काढलेलं. अरबाबांनी त्यांनाही विचारलं. आता शिकारी दोन झाले. चाचांचं इंग्रजी ट्रकच्या सुट्या भागांपुरतं, साहेबांचं हिंदी 'जल्दी' आणि 'बस' इतकं. त्यामुळे चहाच्या सुट्टीत दोघांच्या मधल्या खुर्चीवर मी.

पहिल्याच दिवशी शब्दावर अडलं. साहेब म्हणाले, चांगला कळप ठेवायचा तर दरवर्षी काही नर हार्वेस्ट करावे लागतात.

"काय करावे लागतात?" चाचांनी मला विचारलं.

"हार्वेस्ट. म्हणजे कापणी, चाचा. पीक काढतात तसं."

चाचांनी कप खाली ठेवला. "हरणांची कापणी? त्यांना विचारा मॅडम, पेरलं कोणी होतं?"

मी विचारलं. साहेब रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनीही कप खाली ठेवला. मग म्हणाले, की हा शब्द त्यांनी पुढे पुस्तकांतून उचलला. त्यांच्या वडिलांच्या तोंडी तो कधी नव्हता. वडील घरी आल्यावर आईला एवढंच सांगायचे, आज एक घेतला.

हे मी चाचांना सांगितलं. चाचांनी मान हलवली. "हे बरोबर. घेतला म्हणजे कोणाकडून तरी घेतला, हे ध्यानात राहतं." त्या दिवसापासून आमच्या टेबलावर 'घेणं' हाच शब्द राहिला. एकमत तेवढ्यावरच झालं.

चाचांचं म्हणणं होतं, सर्वांत उत्तम नराला हात लावायचा नाही. हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं, त्यांचं ते स्वतःच्या डोंगरावरचं दुःख होतं. "माझ्या बापाच्या वेळचं सांबर, बाय, त्याची शिंगं दारातून आडवी आत येत नव्हती," ते मला सांगायचे. "आम्ही काय केलं? हाका घातला, कळप निघाला, की सगळ्यांची नजर सगळ्यात मोठ्या शिंगावर. मोठं पाडलं तर गावात नाव. दरसाल मोठं पाडत गेलो. मग एक साल असं आलं, की डोंगरात शिंगं म्हणून जी उरली ती हातभर. आम्ही बाप मारत गेलो आणि वर म्हणत बसलो, की पोरं अशी खुरटी का." म्हणून बागेत घ्यायचे ते तरुण नर, त्यातही ज्यांचं एक शिंग वाकडं, जे मागे राहतात, ज्यांच्या पायात दम नाही. "बिबट्या काय करतो? तो शिंगं बघत नाय. जो मागे राहिला तो त्याचा."

साहेबांचं म्हणणं वेगळं. शिंगं मोठी की लहान हा प्रश्नच नाही, वय बघा. ज्याची वर्षं व्हायची आहेत तो राहू द्या, ज्याची होऊन गेली तो घ्या. दुर्बीण लावून त्यांनी शायबकडे पाहिलं होतं. पाठ खचली आहे, पोट लोंबतंय, चेहरा चौकोनी झालाय. हा नर संपलाय, ते म्हणाले.

"संपलाय?" चाचा उसळले. "कालच त्याने दोघांना भिंतीपर्यंत रेटत नेलं, ते बघितलं नाय वाटतं साहेबांनी?"

"म्हणूनच," साहेब म्हणाले. हे भाषांतर करायला मला फार वेळ लागला नाही, पण चाचांना ते पटायला थंडी सरावी लागली.

ड्रायव्हर लोक मागे हसायचे. म्हातारा म्हाताऱ्याची बाजू घेतोय, म्हणायचे. चाचांनी ते ऐकलं असणार. त्यांनी ऐकलं नाही असं फारसं काही नसायचं.

त्याच सुमारास अरबाबांकडे एक पाहुणे आले, शिकारीचे शौकीन. बाग फिरताना शायबपाशी थांबले आणि म्हणाले, तुम्हाला नर कमी करायचेच आहेत ना, मग हा मला द्या, माझ्या दिवाणखान्याच्या भिंतीवर शोभेल. मजलिशीत सगळे हसले. पाहुण्याला नाही म्हणायची तिकडे रीत नाही. चाचा चहाच्या किटलीपाशी उभे होते. ते पुढे आले आणि हिंदीत म्हणाले, "अरबाब, इनको दीवार के वास्ते हरन मंगता. अपने को झुंड के वास्ते रखना है. ये झुंड का बाप है."

एका ट्रान्सपोर्टवाल्याने पाहुण्याच्या तोंडावर असं बोलावं, ही साधी गोष्ट नव्हती. माझ्या नवऱ्याला ते कळलं तेव्हा तो म्हणाला, चाचांची बॅग भरायला घ्या. पण अरबाब पाहुण्याच्या पाठीवर हात ठेवून हसले, म्हणाले, माझा शिकारी परवानगी देत नाही, मी काय करू. आणि त्या थंडीत चाचांच्या मताप्रमाणेच करायचं, असं ठरलं.

अरबाबांची रायफल होती, परवान्याची. चाचांनी ती हातात घेतली, तेव्हा तिची नळी, बोल्ट, सगळं निरखून झाल्यावर दस्त्याला एकदा गाल लावून पाहिला. मग थंडीतल्या काही शुक्रवारी, सकाळी, त्यांनी वेचून वेचून तरुण नर घेतले. बिस्मिल्ला म्हणून बार, आणि बार होताच सुरी घेऊन धावत जायचं, जीव जायच्या आत हलाल करायचं. साठीला टेकलेला माणूस, पण धावताना वय दिसायचं नाही. मांस माळ्यांना, ड्रायव्हरांना, आमच्या घरी. माझा नवरा हॉटेलात कुक. त्याने वाईन न घालता पण अगदी हॉटेलच्या थाटात ते शिजवलं. चाचांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "छान आहे. पण हरीण कुठे लपवलंस?"

त्या वर्षी साहेब काही बोलले नाहीत. फक्त एकदा मला म्हणाले, वसंतात बघू.

थंडी सरली. पाडसं व्हायच्या दिवसांत झाली ती अगदी मोजकी. एक तरुण नर, चाचांनीच राखलेला, सरळ शिंगांचा, चांगल्या पायांचा, भिंतीच्या कोपऱ्यात मेलेला सापडला. पोटात शिंग घुसलेलं. पळायला जागा मिळाली नव्हती.

चाचांनी ते जनावर नीट पाहिलं. शुक्रवारी सकाळपासून क्रेटवर. दुपारी आम्ही नवरा-बायको डबा घेऊन गेलो, तर त्यांनी मला खुणेने शेजारी बसायला सांगितलं. समोर शायब एका मादीच्या मागे होता.

"बघ बाय," ते हळू म्हणाले. जरा अवघडून, कारण बाईमाणसाला सांगायची ती गोष्ट नव्हती. "ती उभी राहिलीय त्याच्यासाठी. तो नुसता बाजूला उभा आहे. आता तो दुसरा बघ, पलीकडचा. तो एक पाऊल पुढे आला रे आला..."

दुसरा नर एक पाऊल पुढे आला आणि शायब मान खाली घालून त्याच्यावर धावला.

"त्याला स्वतःला जमत नाय," चाचा म्हणाले, "आणि दुसऱ्याला तो होऊ देत नाय. मी त्याला कळपाचा बाप म्हणत होतो."

डबा तसाच राहिला.

शनिवारी सकाळी ते वर्कशॉपच्या केबिनमध्ये आले, मला बरोबर घेऊन. टोपी काढली. "मॅडम, साहेबांना सांगा, मी चुकलो."

मी सांगितलं. साहेबांनी हातातलं काम बाजूला सारलं आणि चाचांना खुर्ची दिली. मग जे बोलले, ते मी वाक्य वाक्य करून चाचांना दिलं, कारण ते मलाच नीट धरून ठेवायचं होतं. साहेब म्हणाले, की तुम्ही तुमच्या डोंगराबद्दल सांगता ते खरं आहे, माझे वडीलही तेच सांगायचे. डोंगरावर हा म्हातारा केव्हाच हरला असता, दुसरीकडे निघून गेला असता, एकटा चरत राहिला असता. हरणाऱ्याला जायला वाट असते. इथे भिंत आहे. इथे जो हरतो तोही आतच राहतो, आणि जो हरायला तयार नाही तोही.

चाचा खाली बघत होते. "मग आता?"

"आता अरबाबांना सांगावं लागेल," साहेब म्हणाले. "आणि ते माझ्याकडून ऐकणार नाहीत."

अरबाबांना सांगायला चाचा एकटेच गेले. काय झालं ते त्यांनी मला नंतर जिन्यात उभ्या-उभ्या सांगितलं. अरबाब आधी समजलेच नाहीत, त्यांना थट्टा वाटली. मग त्यांचा चेहरा बदलला. "तुम बोला था ना, ये बाप है? मेरे मेहमान के सामने बोला था. मेरी माँ ने इसको हाथ से दूध पिलाया, मालूम है तुमको?"

"मालूम है," चाचा म्हणाले होते.

"खलास. जाव."

मजलिशीचं बोलावणं बंद झालं. ट्रान्सपोर्टच्या कामाचे निरोप चाचांना टाळून थेट ड्रायव्हरांकडे जाऊ लागले. गल्फमध्ये राहिलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. व्हिसा अरबाबांच्या हातात, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. माझ्या नवऱ्याने चाचांना समजावलं, "एका हरणासाठी कशाला? त्यांचं जनावर, त्यांची बाग. तुमचं काय जातंय?"

"मीच तर पोरं मारली ना त्याच्यासाठी," चाचा म्हणाले. "ती बाप होऊ शकली असती. ते कोणाच्या खात्यावर जाणार?"

शुक्रवारी ते तरीही बागेत जायचे. आत जायचे नाहीत. आवाराच्या दाराबाहेर, ऊन असो, वारा असो, छत्री हातावर आडवी टाकून उभे. उन्हाळा सुरू झाला होता. अरबाबांची गाडी यायची, त्यांच्या अगदी शेजारून आत जायची, बाहेर यायची. सलाम व्हायचा, बोलणं नाही. असे किती शुक्रवार गेले, मला आठवत नाही. एका शुक्रवारी शायबने आणखी एका तरुण नराला भिंतीशी गाठलं आणि अरबाबांनी ते स्वतः पाहिलं. माळी काठ्या घेऊन धावले म्हणून तो वाचला. परत जाताना अरबाबांनी गाडी थांबवून काच खाली केली.

"तुम मारेगा," ते म्हणाले. "दूसरा कोई हाथ नहीं लगाएगा."

ही शिक्षा होती की मान, ते चाचांनाही सांगता आलं नाही.

त्या सकाळी मी बागेत होते. साहेबांनी बरोबर यायला सांगितलं होतं, बोलायची वेळ आली तर असावं म्हणून. बार होईपर्यंत बोलायची वेळ आलीच नाही. शायब माणसाळलेला, तो दाराशीच उभा होता, दहा पावलांवर. कोणीही तिथून बार टाकला असता. चाचांनी बोट ओलं करून वारा पाहिला आणि ते भिंतीच्या कडेकडेने, पूर्ण आवाराला वळसा घालून, पलीकडच्या टोकाला गेले. वाकून, थांबत, झाडाआडून झाडाआड. जणू समोर म्हसळ्याच्या डोंगरातलं कधी माणूस न पाहिलेलं जनावर होतं. साहेबांनी आपली टोपी हातात घेतली. अरबाब गाडीतून उतरले नाहीत.

एकच बार झाला. चाचा धावले. मग कितीतरी वेळ ते त्याच्या मानेवर हात ठेवून बसलेले दिसत होते.

साहेब जवळ गेले आणि खुणेनेच विचारून त्यांनी शायबचा जबडा उघडला. वय दातांवरून कळतं, हे त्यांना वडिलांनी शिकवलेलं. त्यांनी चाचांचं बोट धरून ते आतल्या दाढांवरून फिरवलं. दाढा उरल्याच नव्हत्या. नुसत्या हिरड्यांच्या पातळीला आलेल्या, गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारख्या.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "साहेबांना विचार," ऑफिसातलं मॅडम ते विसरले, "हा खात कसा होता?"

साहेब म्हणाले, फारसा खात नसावा. खजूर तेवढा मऊ असतो.

अरबाब तेव्हा गाडीतून उतरून मागे येऊन उभे होते. त्यांना ते इंग्रजी कळलं. त्यांनी पुढे होऊन वाकून दाढा पाहिल्या, मग पायघोळ झग्याच्या बाहीने डोळे पुसले. शिंगं कोणाला द्यायची नाहीत, डोकं खजुरीखाली पुरायचं, एवढं माळ्यांना सांगून ते निघून गेले. त्या आठवड्यात चाचांना मजलिशीचं बोलावणं आलं. उदाची धुरी फिरत आली आणि चाचा नेहमीसारखे मागे सरकले, तेव्हा अरबाबांनीच हात आडवा करून ती पुढे जाऊ दिली.

चाचा पुष्कळ दिवस त्या दाढांचंच बोलत. "आयुष्यभर मी शिंगं बघितली, बाय. बापाने सांगितलं मोठी शिंगं पाड, मी पाडली. मग मीच ठरवलं मोठी शिंगं राख, तर राखली. दोन्ही वेळेला नजर तिथंच. त्याचं तोंड उघडून कोण बघणार?" साहेबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, की दाढा जिवंतपणी कोणालाच दिसत नाहीत, मीही अंदाजच केला होता, तो चुकलाही असता. यावर चाचा जरा हसले. त्यांचं जमायला लागलं होतं. मधल्या खुर्चीवर माझी गरज कमी कमी होत गेली. दोघं हातवारे, टेबलावर काढलेल्या रेघा आणि ट्रकच्या इंग्रजीवर भागवायला लागले.

वादही थांबले नाहीत. शायब गेल्यावर उरलेल्या तरुण नरांनी काही आठवडे एकमेकांना अक्षरशः फोडून काढलं. चाचा म्हणाले, बघा, बाप नसला की असं होतं. साहेब म्हणाले, थांबा. मग अरबाबांनी चाचांच्या सांगण्यावरून भिंत एका बाजूने पाडून आवार पुढच्या रिकाम्या जमिनीपर्यंत वाढवलं, आणि हे साहेबांनाही सुचलं नव्हतं. हरणाऱ्याला जायला थोडी जागा झाली. टकरी निवल्या.

चाचा पुढे गावी परतले, त्याची हकीकत साधी आहे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, बायको बोलावत होती. मुहर्रकला विमानतळावर आम्ही सगळे गेलो होतो, साहेबसुद्धा. दोघांनी एकमेकांचा हात धरला आणि कोणीच भाषांतर मागितलं नाही. त्यानंतर एकदोनदा ओळखीच्या माणसाबरोबर आंबे आले, मग तो माणूसही परतला.

पण मला चाचा आठवतात ते आवार वाढवल्यानंतरच्या वसंतातले. त्या वेळी आम्ही मुलीला घेऊन बागेत गेलो होतो. ती तीन-चार वर्षांची, शाळेत जायला लागलेली. मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. पाडसं इतकी झाली होती, की सावलीतली वाळू हलतेय असं वाटावं. चाचा तिला एकेक दाखवत होते. ही आई, हे तिचं, ती पलीकडची दुसरी, तिची दोन. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "व्हिच वन इज द डॅडी?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं.

"यांचा बाप कोणता, म्हणून विचारतेय."

आवारात तेव्हा तीन मोठे नर होते, तीन दिशांना. एक भिंतीच्या सावलीत, एक पाण्यापाशी, एक अगदी पलीकडे नव्या जमिनीत. चाचांनी डोळे बारीक करून तिघांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते सवयीने बोट दाखवतील आणि त्याचे पाय, मान, शिंगं सांगायला लागतील. पण त्यांनी मुलीला उचलून कडेवर घेतलं.

"काय माहीत बाबा," ते तिला म्हणाले. "असेल यातलाच एखादा."